केळीच्या पानाचा एसईएम नमुना सुरकुततो आणि चित्र पांढरं पडतं, नेमकं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की रावेरच्या बागेतलं केळीचं पान सावलीत वाळवलं, वर सोन्याचा मुलामा दिला आणि एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, इलेक्ट्रॉनच्या किरणाने पृष्ठभाग दाखवणारा सूक्ष्मदर्शक) धरलं, तर पर्णरंध्रं चुरगळलेली आणि अर्धं चित्र पांढरंफटक. या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली वाळवताना झाली, दुसरी स्टबवर, म्हणजे नमुना बसवायच्या धातूच्या चकतीवर, चिकटवताना.

आधी सुरकुत्यांचं बघू. पान वाळताना पाण्याचा पृष्ठताण पेशींच्या भिंती आत ओढतो. यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते, म्हणून पाणी काढावं तर लागतंच, पण ते या ओढीला वाव न देता काढायचं.

सकाळी लवकर, पान ताठ असताना तोडा. आपल्याकडच्या मे महिन्यातलं दुपारचं पान आधीच मलूल असतं, ते घेऊ नका. धूळ बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) हळूच धुवा, बोटाने किंवा कापसाने पुसू नका, मेण खरवडतं. ३ ते ५ मिमीचे तुकडे नव्या ब्लेडने, फिक्सेटिव्हच्या (पेशी आहे तशा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) थेंबात बुडवूनच कापा. कोरडे कापले तर केळीचा चीक पृष्ठभागावर पसरून वाळतो आणि नंतर तो बुरशीचा थर वाटतो.

फिक्सेटिव्ह म्हणजे ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.२) २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड. त्यात तुकडे तरंगतील, कारण पानात हवा असते. कुपी डेसिकेटरमध्ये (हवाबंद काचेच्या भांड्यात) ठेवून १०-१५ मिनिटं हळूहळू व्हॅक्यूम द्या. तुकडे बुडाले की ४ अंशांवर रात्रभर ठेवा. शेतातून आणतानाही कुपी बर्फाच्या थर्मासमध्येच हवी. नंतर बफरने १०-१० मिनिटं तीनदा धुवा, मग एकदा डिस्टिल्ड पाण्याने. हे शेवटचं पाणी चुकवलं तर अल्कोहोलमध्ये फॉस्फेटचे कण खाली बसतात आणि चित्रात वाळू सांडल्यासारखे दिसतात. ऑस्मियम टेट्रॉक्साइड हे दुसरं फिक्सेटिव्ह पानाच्या पृष्ठभागासाठी लागतंच असं नाही. त्याची वाफ डोळ्यांना घातक आहे, फ्यूमहूड नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. ग्लुटाराल्डिहाइडसुद्धा हातमोजे घालून, फ्यूमहूडमध्येच.

मग पाणी काढायला अल्कोहोल (इथेनॉल): ३०, ५०, ७०, ९०, ९५ टक्के, प्रत्येकी १५ मिनिटं, आणि १०० टक्क्यांचे तीन बदल. द्रव बदलताना तुकडा क्षणभरही उघडा पडू देऊ नका. पावसाळ्यात उघडी राहिलेली ॲबसोल्यूट अल्कोहोलची बाटली हवेतली ओल ओढते. तिच्यावरचं लेबल १०० टक्के म्हणत राहतं आणि नमुना मात्र सुरकुततो.

शेवटचं वाळवणं क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये झालं तर उत्तम. अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि तापमान-दाब ३१.१ अंश व ७३.८ बारच्या वर न्यायचा. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, म्हणून ओढणारा पृष्ठताणही नाही. दाब सोडताना घाई केली आणि तापमान ३१ च्या खाली उतरलं, तर पुन्हा द्रव होतो आणि सगळी मेहनत वाया. ड्रायर नसेल तर एचएमडीएस (हेक्सामिथिलडायसिलाझेन, सहज उडून जाणारा द्रव): एचएमडीएस आणि अल्कोहोलची १:२, १:१, २:१ अशी मिश्रणं, मग शुद्ध दोनदा, आणि फ्यूमहूडमध्ये रात्रभर उडू द्या. केळीच्या पानाला हे पुरतं.

आता पांढरं पडणं. याला चार्जिंग म्हणतात. पान वीज वाहून नेत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन साचतात. बहुतेक वेळा मुलामा पुरेसा असतो, पण तुकड्याचा एक कोपरा कार्बन टेपवरून उचललेला असतो आणि तिथे सोन्याचा थर तुटतो. पानाच्या कडेपासून स्टबच्या धातूपर्यंत सिल्व्हर पेंटची बारीक रेघ ओढा, पूर्ण वाळू द्या, मग १०-१५ नॅनोमीटर सोनं चढवा. इलेक्ट्रॉन किरणाचा व्होल्टेज सुरुवातीला ५ केव्हीवर (किलोव्होल्ट) ठेवा. २-३ वर आणल्यावर पांढरेपणा कमी झाला तर समजा चार्जिंगच होतं. केव्ही वाढवून चित्र सुधारायचा मोह इथे टाळा.

मेणाचा थर बघायचा असेल तर मात्र वरची पद्धत उलटी पडते, अल्कोहोल मेण विरघळवतं. त्यासाठी वेगळा तुकडा हवेत सपाट वाळवून थेट मुलामा द्या. पेशी बसतील, मेण राहील. करपा रोगाची बुरशी बघायची असेल तर डागाचा मेलेला मधला भाग नको, तिथे मागाहून आलेल्या भलत्याच बुरशी असतात. कोवळ्या डागाची कड घ्या आणि पानाच्या दोन्ही बाजू वेगळ्या स्टबवर लावा. सिगाटोका करप्याचे बीजाणुदंड (बुरशीचे बीजाणू धरणारे दांडे) पर्णरंध्रातूनच बाहेर येताना दिसतात. आधी २०० पटीवर जागा शोधा, मग १५००-२००० पटीवर जा. फार वेळ एकाच जागी मोठं करून थांबलात तर किरणाने तिथेच तडा जातो.

पर्णरंध्रांची लांबी मात्र या चित्रांवरून मोजू नका, नीट वाळवलेलं पानही आक्रसतं. मोजमापाला ताज्या पानावर नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळल्यावर पारदर्शक टेपने सोलून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. आणि पुढेमागे कपाशीचे परागकण किंवा कापसाचे तंतू बघायचे झाले तर हा सगळा खटाटोप लागत नाही. कोरडेच टेपवर पसरा, मुलामा द्या, तंतूचा चपटा पीळ लगेच दिसतो.