गर्भ रोपतात की रुजतो?

म्हापशाच्या एका वाचक बाईंचा प्रश्न: टेस्ट ट्यूब बेबीच्या बातम्यांत ‘भ्रूणाचे गर्भाशयात प्रत्यारोपण’ असं छापतात, ते बरोबर आहे का? आणि इम्प्लांटेशनला मराठीत काय म्हणावं?

साफ चूक आहे, आणि रोज कानावर आदळते. प्रत्यारोपण मूत्रपिंडाचं होतं. इथे डॉक्टर बारीक नळीने भ्रूण आत सोडतात, बस्स. पुढचं सगळं भ्रूणाने करायचं. शेतात तरवा आपण लावतो, मूळ तोच धरतो. तेव्हा डॉक्टरांनी केलं ते ‘सोडणं’, आणि इम्प्लांटेशन म्हणजे ‘रुजणं’. ‘गर्भधारणा’ फार ऐसपैस शब्द, इथे नको.

पण खरा आनंद ‘गर्भ’ या शब्दात आहे. ‘निरुक्त’ हा शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन ग्रंथ लिहिणारा यास्क त्याचा संबंध ‘गृभ्’शी, म्हणजे धरण्याशी जोडतो, आणि आपले बहुतेक व्युत्पत्तीप्रेमी तिथेच थांबतात. मला उणादिसूत्रांची, म्हणजे शब्द धातूंपासून कसे घडले ते सांगणाऱ्या जुन्या संस्कृत व्याकरणसूत्रांची वाट पटते: ‘अर्तिगॄभ्यां भन्’, म्हणजे ‘ऋ’ आणि ‘गॄ’ या धातूंना ‘भन्’ प्रत्यय. धातू ‘गॄ’, अर्थ गिळणे. आपलं ‘गिळणं’ याच कुळातलं. आता शरीरात काय घडतं ते पाहा. फलन बीजवाहिनीत होतं. साधारण सहाव्या दिवशी भ्रूण आपल्या कवचातून बाहेर पडतो, गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो, त्याच्या बाहेरच्या पेशी अस्तर पोखरत आत शिरतात, आणि दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत अस्तर त्याच्यावरून पुन्हा मिटतं. अख्खा गिळलेला! गायीचं तसं नाही. तिचा गर्भ अस्तराच्या पृष्ठभागालाच धरून वाढतो. म्हणजे यास्काचा ‘गृभ्’ गायीला शोभतो, माणसाला ‘गॄ’च हवा.

प्राचीनांना हे दिसलं होतं असा दावा मी करत नाही. शब्द नेमका बसतो, एवढंच म्हणतो.

भाषाशास्त्रज्ञ दोन्ही धातू बाजूला सारून ग्रीक ‘देल्फ्यूस’ (गर्भाशय) पुढे करतात. ‘अदेल्फोस’, म्हणजे भाऊ, त्यातूनच आला. नातं खरं आहे, मान्य. पण त्यासाठी उणादिकारांना ‘लोकव्युत्पत्तीवाले’ म्हणून हिणवायचं कारण काय? अभ्यासकाने मूळ रूप शोधावं, जरूर शोधावं. पण हजारो वर्षं या भाषेत वावरलेल्यांनी त्या शब्दात काय ऐकलं, हीसुद्धा शब्दाचीच कहाणी आहे. मंगेशीच्या ‘गाभाऱ्या’त आणि ‘गाभण’ गायीत तोच गर्भ आहे, हे कळायला ग्रीक लागत नाही.