आइसलँडमध्ये लढाई झालीच नाही, मग तिथल्या गुन्हेकथांत दुसरं महायुद्ध सारखं का येतं? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?

"लढाई झालीच नाही" हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलंय आणि तेव्हा मला पुढे बोलू दिलं नव्हतं. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशकात आमचा वाचनकट्टा भरतो, तिथे मी आर्नाल्दुर इंद्रिदासन या आइसलँडी लेखकाच्या 'सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह'वर बोलायला उभी राहिले. कादंबरीची सुरुवात अशी: राजधानी रेक्याविकच्या कडेला नवी वसाहत उठतेय, एका घरी वाढदिवस चाललाय, पोरांचा नुसता धिंगाणा, आणि जमिनीवर बसलेलं एक तान्हं पोर काहीतरी चघळतंय. तिथे आलेला वैद्यकीचा विद्यार्थी बघतो तर ते माणसाचं हाड. इथपर्यंत कट्टा चिडीचूप. हे हाड आपल्याला युद्धाच्या काळात घेऊन जातं, असं मी म्हणतेय तोच पहिल्या रांगेतले इतिहासाचे निवृत्त सर म्हणाले, "मॅडम, आइसलँडात कसलं युद्ध? तिथे एक गोळी सुटली नाही. खुनाच्या गोष्टीला इतिहासाची फोडणी कशाला देताय?" लोक हसले. सर कट्ट्याचे अध्यक्षही होते, त्यामुळे उरलेला वेळ स्टालिनग्राडवर गेला.

आता तेव्हा राहिलेलं बोलते. १० मे १९४० ला पहाटे ब्रिटिश सैन्य रेक्याविकच्या बंदरात उतरलं. महिनाभर आधी जर्मनीने डेन्मार्क घेतला होता आणि आइसलँडचा राजा डेन्मार्कचाच. देश तटस्थ, स्वतःचं सैन्य नाही, त्यामुळे प्रतिकार झाला नाही, ही सरांची गोळी मान्य. ब्रिटिश जर्मन वकिलातीत शिरले तेव्हा तिथले वाणिज्यदूत गेरलाख न्हाणीघरातल्या टबात कागदपत्रं जाळत होते. हा प्रसंग कुणा कादंबरीकाराने रचला असता तर संपादकाने काटला असता. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात अमेरिकन आले. सव्वा लाखाच्याही आतल्या लोकवस्तीच्या देशात परके सैनिक चाळीस हजारांच्या वर गेले. समुद्रावर माणसं मेली ती वेगळीच. नोव्हेंबर १९४४ मध्ये 'गोदाफॉस' हे प्रवासी जहाज न्यूयॉर्कहून परतताना, घर अगदी दिसायच्या अंतरावर आलेलं असताना, जर्मन पाणबुडीने बुडवलं. एका जळत्या ब्रिटिश टँकरवरच्या लोकांना वाचवायला ते थांबलं होतं.

पण गुन्हेकथेला लागतं ते हेही नव्हे. ते मला त्याच दिवशी कट्टा उठल्यावर चहाच्या वेळी कळलं. मागच्या रांगेतल्या एक आजी जवळ आल्या, देवळालीच्या. युद्धाच्या वेळी शाळेत होत्या. देवळालीला तेव्हा गोऱ्यांची मोठी छावणी आणि यांचे वडील तिथे दुधाचा रतीब घालायचे. म्हणाल्या, "अगं, लढाई आम्ही कुठे बघितली? पण त्या पैशात घरावर कौलं चढली. आणि थोरल्या बहिणीला दिवेलागणीनंतर ओट्यावर उभं राहायची चोरी. आमच्या आळीतल्या एकीचं नाव सोल्जराशी जोडलं गेलं, तिला रातोरात मामाकडे धाडली. परत काही आली नाही. विचारायचं कुणी?" बशीतला चहा संपवून वर म्हणाल्या, "ते तुझं पुस्तक मराठीत नाही का गं?"

आजींनी जे सांगितलं तेच आइसलँडात सरकारी शिक्क्यानिशी झालं. छावण्या, विमानतळ, रस्ते यांमुळे गरीब मासेमारी देशाच्या हातात पहिल्यांदा रोख पैसा खुळखुळला. आणि त्याच वेळी सैनिकांबरोबर दिसणाऱ्या मुलींवर पोलीस पाळत ठेवू लागले, शेकडो नावांच्या नोंदी झाल्या, काही मुलींना तर १९४२ मध्ये क्लेपयार्न्सरेकिर नावाच्या खेड्यातल्या सुधारगृहात पाठवलं. युद्ध संपलं, सैनिक गेले, मुली मागे राहिल्या, आणि गावाने तोंड मिटलं. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा देशात इतकी झाकलेली प्रकरणं! रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? वर्षाला जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खून होणाऱ्या ठिकाणी आजच्या गुन्ह्यांवर किती कादंबऱ्या निघणार?

'सायलेन्स'मध्ये युद्ध म्हणजे टेकडीपलीकडचा लष्करी डेपो, बस्स. टेकडीच्या अलीकडच्या बाजूला एक बाई, तिला मारझोड करणारा नवरा, तीन पोरं. डेपोवरचा एक अमेरिकन शिपाई त्या घराशी माणसासारखा वागतो आणि घरातला समतोल ढळतो. एवढंच त्या युद्धाचं काम. आणि सरांसाठी खास: सांगाडा काढायला पोलीस पुरातत्त्ववाल्यांना बोलावतात, ते छोट्या थाप्या-कुंचल्यांनी थरामागून थर उकरत बसतात, कादंबरी संपत आली तरी सांगाडा पुरता वर येत नाही आणि एर्लेंडुर नावाचा तो खिन्न तपास अधिकारी त्यांना घाई करू देत नाही. लेखक स्वतः इतिहासाचा पदवीधर आहे, ते उगाच नाही. कादंबरीला २००५ मध्ये ब्रिटनचा 'गोल्ड डॅगर' हा गुन्हेकथांचा पुरस्कार मिळाला, हे मी कट्ट्यावर सांगणारच होते.

सुरुवात इथूनच करा. मग 'द शॅडो डिस्ट्रिक्ट': १९४४, देश स्वतंत्र प्रजासत्ताक व्हायच्या बेतात, आणि लष्कराने गोदाम केलेल्या राष्ट्रीय नाट्यगृहामागे एका तरुण मुलीचं प्रेत. ते सापडतं कुणाला, तर अमेरिकन मित्राबरोबर चोरून भेटायला आलेल्या मुलीला, म्हणजे साक्षीदारच तोंड लपवणार. तपासाला एक स्थानिक पोलीस आणि एक कॅनडात वाढलेला आइसलँडी वंशाचा लष्करी पोलीस, ही जोडी मला एर्लेंडुरपेक्षाही आवडते. 'ऑपरेशन नेपोलियन'च्या वाटेला जाऊ नका. हिमनदीत गाडलेलं जर्मन विमान, मागावर अमेरिकन, नुसती पळापळ. युद्ध आहे, माणसं नाहीत.

एक राहिलंच. सगळ्या आइसलँडी गुन्हेकथांत युद्ध असतं असं तुम्ही धरून चाललात, ते तसं नाही. मी बोलतेय ते मुख्यतः एका लेखकाबद्दल. इर्सा सिगुरदार्दोत्तिर हिच्या 'अ‍ॅशेस टू डस्ट'मध्ये प्रेतं निघतात ती १९७३ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून. इंद्रिदासनच्याच 'द ड्रेनिंग लेक'मध्ये शीतयुद्ध आहे, आणि खरं सांगायचं तर त्याची सगळ्यांत चांगली कादंबरी तीच. शिवाय मी हे सगळं इंग्रजी अनुवादांतून वाचलंय, मूळ भाषेचं मला ओ की ठो कळत नाही.

आमच्या सरांना मी 'शॅडो डिस्ट्रिक्ट' वाचायला दिली होती. "बरी आहे, पण शेवटी खुनाचीच" म्हणत परत केली. पण आतल्या नकाशावर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या, आणि त्या माझ्या नाहीत.