खाडीकाठी स्लॅग सिमेंट चालेल का?

प्रश्न : अलिबागजवळ खाडीलगत घर बांधत आहोत. ठेकेदार स्लॅग सिमेंट सुचवतो. कारखान्याच्या टाकाऊ मालावर भरवसा ठेवावा का?

उत्तर : जरूर ठेवावा. झोतभट्टीत लोखंडावर तरंगणारी वितळलेली धातुमळी, म्हणजेच स्लॅग, पाण्याच्या माऱ्याने झटकन थंड केली, की तिचे काचेसारखे कण होतात. ते दळून सिमेंटमध्ये मिसळल्यावर सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी त्यांची प्रक्रिया होऊन काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि खारा ओलावा सळयांपर्यंत सहजी पोहोचत नाही. भारतीय मानक ४५५ नुसार अशा सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग असते. मात्र सुरुवातीची मजबुती सावकाश येते, म्हणून सेंट्रिंग घाईने काढू देऊ नका. सातव्या दिवशी पाणी मारणे थांबवण्याची आपल्याकडची सवय इथे घातक आहे. किमान १० दिवस, आणि कडक उन्हाळ्यात १४ दिवस, स्लॅब सतत ओला राहिलाच पाहिजे.