शेतजमीन घेताना खासगी सर्व्हेयर लावावा का?

तुम्ही विचारलंय की गावाकडं दीड एकर घेताय, तर परवानाधारक सर्व्हेयर कुठं शोधायचा आणि तो किती घेतो. किती घेतो ते राहू द्या. तो नेमकं काय मोजणार, ते आधी विचारा. आमच्या आण्णांनी ते विचारलं नव्हतं.

आमचं रान सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर. दाजींनी (बहिणीचे यजमान, आमच्या घरातले स्वयंघोषित जमीनतज्ज्ञ) ओळखीतला एक खासगी सर्व्हेयर आणला. त्याने मशीन लावलं, दोन तासांत रान फिरला, चार दिवसांनी रंगीत नकाशा हातात. क्षेत्र भरलं १ हेक्टर १७ आर. तीन आर कमी. पूर्वेचा बांध वाकडा दिसतोय, तो दहाएक फूट पलीकडं घेतला की क्षेत्र जुळतं, असंही त्यानेच सुचवलं. बांधाची लांबी तीनशेतीस फूट, म्हणजे दहा फुटांत तीन गुंठे (गुंठा म्हणजे जवळपास एक आर). हिशेब चोख. पलीकडं तात्यांचा आडसाली ऊस उभा. दाजींनी ट्रॉलीभर सिमेंटचे खांब आणले आणि उसाच्या तीन सऱ्या मोडून रोवले.

मी तेव्हाच म्हणत होतो, सरकारी मोजणी टाकू. दाजी म्हणाले, "सरकारी माणूस येईस्तोवर ऊस तुटून खोडवाही जाईल."

तात्या भांडले नाहीत. त्यांनी गुपचूप हद्द कायम मोजणीचा (म्हणजे सरकारकडून हद्द ठरवून घेण्याचा) अर्ज टाकला. सात महिन्यांनी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आला. मशीन त्याच्याकडंही होतं, पण पहिला तासभर ते पेटीतच. हातात टिपणाची (जुन्या सरकारी मोजणीची मापं लिहिलेल्या कागदाची) नक्कल, आणि तोंडी एकच प्रश्न: जुने दगड कुठायत? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी वरच्या गटातल्या एका म्हाताऱ्याने काठीने एक बाभूळ दाखवली. बुंध्याशी हातभर उकरल्यावर कुदळ खणकन वाजली. दगड. वरचं तोंड नांगराच्या फाळाने खरवडलेलं. दुसरा ओढ्याकाठी निघाला. त्या दोन दगडांवरून त्याने टिपणातली साखळी-आण्यांची मापं जुळवली (तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे) आणि मग कुठं मशीन बाहेर काढलं.

पूर्वेचा बांध जिथल्या तिथं निघाला. तात्यांकडं आमचं बोटभरही नव्हतं. कमी पडणारे तीन आर पश्चिमेला होते, चुलत्यांच्या ताब्यात. दरवर्षी थोडाथोडा बांध कोरत आले असणार. चुना टाकून झाल्यावर आण्णा त्या पांढऱ्या रेघेकडं बघत उभे राहिले आणि सगळ्यांना चहाला चला म्हणाले. त्या विषयावर ते आजतागायत बोललेले नाहीत.

दाजी अजून म्हणतात, "मशीन चुकत नाही." नव्हतंच चुकलं. त्याने आमचा ताबा अगदी बरोबर मोजला होता. पण ताबा मोजणं वेगळं आणि हद्द काढणं वेगळं. क्षेत्र कमी भरलं म्हणून ते कुठल्या बाजूला गेलं हे कळत नाही. त्याला टिपण, फाळणी (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा कागद), गटाचा नकाशा आणि जागेवरच्या खुणा लागतात. तुमच्या सर्व्हेयरला एवढंच विचारा की सुरुवात कुठून करणार. "बांधावरून" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

दुसरं, खासगी नकाशा शेजाऱ्यावर बंधनकारक नसतो. सरकारी मोजणीत लगतधारकांना नोटिसा जातात, जबाब होतात आणि मग "क" प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा अधिकृत मोजणी नकाशा, मिळते. वाद कोर्टात गेला तरी कोर्ट बहुधा सरकारी मोजणी करणाऱ्या भूमी अभिलेख खात्याकडूनच मोजून घेतं. २०२४ अखेर दर बदलले, दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. आम्ही खांबांवर याहून जास्त घालवले.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की अर्ज खातेदारालाच करता येतो आणि तुम्ही अजून खातेदार नाही. म्हणून विकणाऱ्याला अर्ज टाकायला लावा आणि साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) लिहून घ्या की उरलेली रक्कम "क" प्रत हातात आल्यावर. तो "बांध तर समोर दिसतोय की, मोजायचं काय" म्हणाला, तर मोजायचंच. पीक निघाल्यावर तारीख मिळेल असं बघा, उभ्या उसात कुणालाच काही दिसत नाही.

आता खासगीवाले सगळेच तसले नसतात, हेही लिहायला हवं. घर, विहीर, शेततळं यांच्या आखणीला किंवा घेण्याआधी क्षेत्राचा अंदाज काढायला तेच बरे. २०२५ मध्ये सरकारने परवानाधारक खासगी भूमापकांकडून मोजणी करून घेऊन ती भूमी अभिलेखने प्रमाणित करायची, असंही जाहीर केलंय. तुम्हाला असा कुणी मिळाला तर जरूर लावा, फक्त प्रमाणित प्रत मिळेपर्यंत खांब रोवू नका. आणि सरकारी मोजणीही चुकते, ती पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. शिवाय मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. शेजारी हटला नाही तर दिवाणी कोर्ट आहेच.

तात्यांना तीन सऱ्यांचे पैसे द्यायला मीच गेलो होतो. घेतले नाहीत. खांब अजून गोठ्यामागं पडून आहेत. दाजी येणार असले की आई मुद्दाम त्या खांबांवरच गोधड्या वाळत घालते.