वाचकांचे प्रश्न : खिडकी उघडायची, पण कोणत्या थ्रेडवर?

प्रश्न : आमचं जुनं सॉफ्टवेअर सी++ मध्ये आहे. त्यातून सी-शार्पमध्ये लिहिलेली डब्ल्यूपीएफची (डॉटनेटमधली खिडक्या बनवण्याची यंत्रणा) खिडकी उघडायची आहे. मधे सी++/सीएलआयची (सी++ ला डॉटनेटशी जोडणारा प्रकार) एक डीएलएल ठेवली आहे. तीच खिडकी स्वतंत्र ईएक्सई म्हणून चालवली तर नीट उघडते. आमच्या सॉफ्टवेअरमधून उघडली की इनव्हॅलिड-ऑपरेशन एक्सेप्शन येतं : 'द कॉलिंग थ्रेड मस्ट बी एसटीए'. मेन फंक्शनवर एसटीएथ्रेड हे ॲट्रिब्यूट आहे, तरीही! – एक वाचक, नाशिक

त्या ॲट्रिब्यूटचा इथे उपयोग नाही. ईएक्सई सुरू होताना रनटाइम ज्या मेनमधून आत शिरतो, त्याच मेनवरचं एसटीएथ्रेड वाचलं जातं. तुम्ही मेनला साध्या फंक्शनसारखं बोलावता. तोवर थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक स्वतंत्र धागा) सी++ ने कधीच तयार केलेला असतो. त्याचं कॉम अपार्टमेंट (विंडोजच्या 'कॉम' या घटक-यंत्रणेत थ्रेड एकटा राहील, म्हणजे एसटीए, की सामायिक गटात, म्हणजे एमटीए, ही निवड) कोणीच ठरवलेलं नसेल, तर डॉटनेट त्याला एमटीए धरून चालतं. डब्ल्यूपीएफला मात्र एसटीए लागतंच, कारण क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-ड्रॉप विंडोजच्या ज्या ओएलई यंत्रणेवर चालतात, ती एसटीएशिवाय सुरूच होत नाही.

आधी थ्रेडची खरी अवस्था पाहा. सी-शार्प बोलावण्याच्या अगदी आधीच्या ओळीवर, सी++ मध्ये, 'कोगेटअपार्टमेंटटाइप' बोलवा (विंडोज ७ पासून उपलब्ध). ० किंवा ३ आलं तर एसटीए, १ आलं तर एमटीए. ८००४०१एफ० हा हेक्स कोड आला तर या थ्रेडवर कॉम सुरूच झालेलं नाही. एक फसवी जागा लक्षात असू द्या : प्रोसेसमधल्या दुसऱ्या एखाद्या थ्रेडने एमटीए सुरू केलेलं असेल, तर तुमचा कोरा थ्रेडही १ दाखवतो. अशा वेळी दुसरं उत्तर, म्हणजे क्वालिफायर, तेही १ असतं. हा थ्रेड नावालाच एमटीए असतो, त्याला अजून एसटीए करता येतं.

थ्रेड कोरा असेल आणि तो तुमच्याच ताब्यात असेल, तर त्याच्या सुरुवातीलाच 'कोइनिशियलाइझईएक्स' अपार्टमेंट-थ्रेडेड या पर्यायासह बोलवा. प्रत्येक थ्रेडला हे वेगळं करावं लागतं. मुख्य थ्रेडवर केलेलं 'एसटीडी-थ्रेड'ने काढलेल्या नव्या थ्रेडला लागू होत नाही. उत्तर एस-फॉल्स आलं तर कॉम आधीच त्याच पद्धतीने सुरू आहे. ही चूक नव्हे, पण शेवटी 'कोअनइनिशियलाइझ' मात्र करायचंच. उत्तर ८००१०१०६ आलं तर दुसऱ्या कोणीतरी आधीच एमटीए ठरवून टाकलंय. काही जण इथे 'कोअनइनिशियलाइझ' पुन्हापुन्हा बोलावून ते उखडायला जातात. तसं अजिबात करू नका. ज्याने ते सुरू केलं, त्याचे कॉम पॉइंटर त्याच्या हातातच निकामी होतात आणि प्रोग्राम नंतर भलत्याच ठिकाणी कोसळतो.

थ्रेड तुमचा नसेल किंवा आधीच एमटीए असेल, तर खिडकीसाठी स्वतःचा थ्रेड काढा. सी-शार्पच्या बाजूला नवा थ्रेड बनवा, 'स्टार्ट'च्या *आधी* 'सेटअपार्टमेंटस्टेट'ने त्याला एसटीए करा. स्टार्टनंतर ते बदलत नाही, एक्सेप्शन येतं. खिडकीचा 'न्यू' सुद्धा त्याच थ्रेडच्या आत हवा. बाहेर बनवून आत 'शो' केलं तर तीच चूक किंवा तिची चुलत बहीण, 'अ डिफरंट थ्रेड ओन्स इट', समोर येते. शेवटी 'डिस्पॅचर.रन', म्हणजे खिडकीला आलेले मेसेज उचलत राहणारा मेसेज-लूप. ही ओळ राहिली तर खिडकी क्षणभर चमकून थ्रेडसोबत जाते. खिडकीच्या 'क्लोज्ड' घटनेत 'डिस्पॅचर.इन्व्होकशटडाउन' टाका, नाहीतर खिडकी बंद झाली तरी थ्रेड संपत नाही. 'टास्क.रन'ने हे जमणार नाही, कारण थ्रेडपूलमधले थ्रेड एमटीएच असतात.

आता सी++ ची बाजू. खिडकी बंद होईपर्यंत थांबायचं असेल आणि थांबणाऱ्या थ्रेडची स्वतःची खिडकी असेल, तर 'वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट' वापरू नका. सॉफ्टवेअर गोठतं, आणि डब्ल्यूपीएफने उलट सी++ ला बोलावलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. 'एमएसजीवेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स' वापरा आणि मधले मेसेज पुढे पाठवत राहा. डब्ल्यूपीएफ खिडकीला जुन्या खिडकीचा 'ओनर' लावला असेल, तर दोन्ही थ्रेडच्या इनपुट रांगा विंडोज आपोआप जोडतं. मग एक अडकला की दुसराही अडकतो, वेगळा थ्रेड असला तरी.

थ्रेड काढणारं हे काम डीएलएल लोड होताना चालणाऱ्या 'डीएलएलमेन'मध्ये ठेवू नका. तिथे लोडर-लॉक (डीएलएल लोड करताना विंडोज धरतं ते कुलूप) धरलेला असतो, नव्या थ्रेडलाही तोच हवा असतो, आणि तुम्ही त्या थ्रेडची वाट बघत बसला असाल तर सगळंच थांबतं.

दुसऱ्या थ्रेडऐवजी जुन्या मुख्य थ्रेडवरच खिडकी उघडली आणि तिथला मेसेज-लूप तुमचाच असेल, तर खिडकी दिसते पण टॅब आणि शॉर्टकट चालत नाहीत, कधी कधी टायपिंगही नाही. लूपमधला प्रत्येक मेसेज 'कॉम्पोनंटडिस्पॅचर.रेझथ्रेडमेसेज'ला दाखवावा लागतो. 'शोडायलॉग'ला ही अडचण नाही, तो स्वतःचा लूप चालवतो.

एवढं सगळं करण्याआधी स्वतःला एकदा विचारा : खिडकी त्याच प्रोसेसमध्ये हवीच का? दोघांत फक्त एखादी फाइल किंवा चार आकडे द्यायचे-घ्यायचे असतील, तर 'क्रिएटप्रोसेस'ने ईएक्सई वेगळी चालवा. मग तुमच्या एसटीएथ्रेडलाही काम मिळतं!

प्रश्न : वरच्यासारखीच रचना आहे, खिडकी पहिल्यांदा उघडते. बंद करून पुन्हा उघडली की 'कॅनॉट क्रिएट मोअर दॅन वन सिस्टिम.विंडोज.ॲप्लिकेशन' अशी चूक येते. 'शटडाउन' केलं तरीही. – एक वाचक, ठाणे

'ॲप्लिकेशन' हा ऑब्जेक्ट एका ॲपडोमेनमध्ये (प्रोसेसमधला डॉटनेटचा कप्पा) एकदाच बनतो. शटडाउननंतरही दुसरा बनत नाही, म्हणून शटडाउनचा मार्ग इथे बंद आहे. थ्रेड आणि ॲप्लिकेशन, दोन्ही पहिल्या वेळी एकदाच बनवा, 'शटडाउनमोड' 'ऑनएक्सप्लिसिटशटडाउन' ठेवा आणि थ्रेड जिवंत ठेवा, म्हणजे पहिल्या उत्तरातलं 'क्लोज्ड'मधलं 'इन्व्होकशटडाउन' इथे नको. पुढच्या प्रत्येक वेळी 'डिस्पॅचर.बिगिनइन्व्होक'ने त्याच थ्रेडवर नवी खिडकी काढा. सॉफ्टवेअर बंद होतानाच शटडाउन करा आणि थ्रेडला 'इज-बॅकग्राउंड' लावा. सामायिक स्टाइल्स ॲप्लिकेशनमधून येत नसतील, तर ॲप्लिकेशन न बनवताही खिडकी चालते. तो मार्ग सर्वांत सोपा.

प्रश्न : सी++/सीएलआय टाळून डॉटनेट ८ थेट सी++ मधून 'होस्टएफएक्सआर'ने (डॉटनेट सुरू करून देणारी लायब्ररी) सुरू केलं. लायब्ररीची रनटाइमकॉन्फिग फाइलच (कोणतं फ्रेमवर्क हवं ते सांगणारी) सापडत नाही. – एक वाचक, पुणे

प्रोजेक्ट फाइलमध्ये 'एनेबलडायनॅमिकलोडिंग' ट्रू करा. लायब्ररीसाठी ती फाइल एरवी तयारच होत नाही. तयार झाल्यावर उघडून पाहा : फ्रेमवर्क 'मायक्रोसॉफ्ट.विंडोजडेस्कटॉप.ॲप' असायला हवं. 'अनमॅनेज्डकॉलर्सओन्ली' लावलेल्या, म्हणजे सी++ थेट बोलावतं त्या, फंक्शनमधून एक्सेप्शन बाहेर पडू देऊ नका, त्याने पूर्ण प्रोसेस मरते. आत सगळं झेलून सी++ ला आकडा परत द्या. एसटीए थ्रेडचं वरचं गणित इथेही तेच.

प्रश्न : मॅकवर सी मधून जावा व्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) सुरू करून स्विंगची (जावाची खिडक्यांची लायब्ररी) खिडकी उघडतो. चूक काहीच दिसत नाही, प्रोग्राम नुसता अडकतो. लिनक्सवर तोच कोड चालतो. – एक वाचक, कोल्हापूर

मॅकवर खिडक्यांचं काम प्रोसेसच्या पहिल्या थ्रेडवरच व्हावं लागतं. तुम्ही त्याच थ्रेडवर व्हीएम सुरू करून जावाचं मेन बोलावता. स्विंग पहिल्या थ्रेडला काम सांगतं आणि तो थ्रेड तुमच्या मेनमध्ये अडकून बसलेला. 'जावा' ही कमांड स्वतः काय करते, तेच करा : 'पीथ्रेड'ने नवा थ्रेड काढून व्हीएम आणि मेन तिथे चालवा, पहिल्या थ्रेडवर 'सीएफरनलूपरन' सोडा. त्या लूपला एखादा सोर्स जोडा. रिकामा लूप लगेच परततो. नव्या थ्रेडचा स्टॅक मॅकवर ५१२ केबीचाच असतो, निदान १ एमबी मागून घ्या.

'एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेड' या पर्यायाच्या नादी लागू नका. तो एसडब्ल्यूटीसारख्या टूलकिटसाठी आहे आणि तो वाचते 'जावा' ही कमांड. शिवाय स्विंगला त्याने उलट तीच अडचण येते.

याच कोडमध्ये आणखी एक पाहून घ्या. सी मधून जावाला बोलावण्यासाठीचा 'जेएनआयएन्व्ह' हा पॉइंटर ज्या थ्रेडचा त्याच थ्रेडवर चालतो, ग्लोबलमध्ये ठेवून दुसरीकडे वापरला की कोसळतो. ठेवायचा तो 'जावाव्हीएम' पॉइंटर. दुसऱ्या थ्रेडवर 'अटॅचकरंटथ्रेड', काम झालं की 'डिटॅचकरंटथ्रेड'. 'डिस्ट्रॉयजावाव्हीएम' परतत नसेल तर बहुतेक वेळा एखाद्या खिडकीवर 'डिस्पोझ' राहिलेलं असतं.