“माझ्या वयात हे झेपेल का?”

निवृत्तीनंतर विशेष मुलांच्या शाळेत मदतीला जाऊ लागलेले एक काका माझ्याकडे आले ते काम सोडायचं जवळजवळ ठरवूनच. वय ६८. “मला कसलं प्रशिक्षण नाही. माझ्यामुळे त्या पोराचं नुकसान तर होत नाही ना?” बरेच ज्येष्ठ स्वयंसेवक मला हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). काका बोलायला लागले की तो पाठ फिरवायचा, कानांवर हात ठेवायचा. काकांनी अर्थ लावला, मी त्याला नकोसा आहे.

मी त्यांना तासात काय काय घडतं ते जसंच्या तसं सांगायला लावलं. “हा कोणता रंग?” उत्तर नाही. लगेच, “निळा की लाल?” मग, “अरे, काल सांगितला होता ना!” आवाजही चढा, कारण काकांना स्वतःलाच कमी ऐकू येतं. अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेलं उमगायला वेळ लागतो. शब्द बदलून पुन्हा विचारलं की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काहींना मोठा आवाज सोसतच नाही. त्याची धडपड आवाज थांबवण्याची होती, काकांवर राग नव्हता.

मी म्हटलं, एकदाच विचारा, मोजक्या शब्दांत, आणि मनात दहापर्यंत मोजा. माझ्याकडे बघ, असा आग्रह नको. खरं तर सुरुवातीला प्रश्नच नकोत. तो ठोकळ्यांची रांग लावतो तेव्हा शेजारी बसा, पुढचा ठोकळा त्याच्या हाताशी सरकवा. काकांना थांबणं छान जमलं. घाईत असलेल्या तरुण मदतनिसांना ते फार जड जातं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. काही आठवड्यांनी मुलगा स्वतःच हात पुढे करून ठोकळा मागू लागला.

राहिला वयाचा प्रश्न. अमेरिकेत ‘फॉस्टर ग्रँडपेरेंट’ उपक्रम १९६५पासून चालू आहे. त्यात ५५च्या पुढचे लोक मुलांना, विशेष गरजा असलेल्या मुलांनाही, वेळ देतात. मात्र मुलाला उचलणं, शौचाला नेणं ही प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची कामं. बंद खोलीत मुलासोबत एकट्याने बसू नये, दोघांच्याही सुरक्षिततेसाठी. आणि आईला उपाय सुचवू नयेत. तिने ते ढिगाने ऐकलेले असतात. आज त्याने काय केलं, एवढं सांगितलं तरी तिला बरं वाटतं.

मध्यंतरी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ठरलेला क्रम मोडला की अशा मुलांना फार त्रास होतो. म्हणून शिक्षिकेने कॅलेंडरवर काकांच्या परतीच्या तारखेवर त्यांचा फोटो चिकटवला आणि रोज एकेक दिवस मुलाकडूनच खोडून घेतला. काम कायमचं सोडायचं झालं तरी पद्धत हीच ठेवायची, काही आठवडे आधीपासून, त्याला दिसेल अशी.