परकराची शिलाई, दिराचे माग आणि मेहरची साखळी

ताई, तुमच्या पत्रातला हिशेब आधी इथे मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही इचलकरंजीच्या. मिस्टर साध्या यंत्रमागावर कामगार, महिन्याला साधारण 16,000 घरी आणतात. तुम्ही पायमशीनवर परकर शिवता, नगाला 7 रुपये, दिवसाला 27 नग. फायनान्सच्या गटकर्जाचा 2,400 चा हप्ता अजून आठ महिने आहे. आता दीर दोन जुने माग घेतायत. त्यासाठी तुमच्या नावावर आणखी 60,000 उचलायचे आणि मेहरमध्ये (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचा हक्क) मिळालेली दोन तोळ्यांची साखळी मोडायची, असं घरात चाललंय. तुम्ही विचारलंय, कर्ज काढू की साखळी मोडू?

दोन्ही नको.

60,000 दोन वर्षांसाठी, व्याज 24 टक्के धरलं तर महिन्याला सुमारे 3,170 चा हप्ता बसतो. जुना मिळवून 5,570. तुमची शिलाई महिन्याचे 26 दिवस धरून 4,914 होते. म्हणजे पुढचे आठ महिने तुमची सगळी कमाई हप्त्यात जाईल आणि वर साडेसहाशे घरातून घालावे लागतील. तेही दिराच्या शेडमध्ये, दिराच्या मीटरवर चालणाऱ्या मागांसाठी. कर्ज मंजूर होईल याबद्दल मला शंका नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालतात, तुमचे तर पाव हिश्शाच्या थोडे वर जातात. पण हे गणित मिस्टरांचा पगार दर आठवड्याला पूर्ण येईल असं धरून आहे, आणि मंदीत तो 10,000 वर येतो हे तुम्हीच लिहिलंय.

मला खरी भीती इथेच वाटते. व्यापाऱ्याचं सूत-बीम घेऊन मजुरीवर विणणाऱ्या खर्चीवाल्याचं पोट त्याच बाजारावर असतं, ज्यावर मिस्टरांचा पगार आहे. कापडाला उठाव नसला की पगारही कमी आणि दिराच्या मागांची मजुरीही कमी, एकाच महिन्यात. शिवाय आधुनिक मागांपुढे साधा माग आधीच मागे पडतोय. उद्या विकायचा म्हटलं तर भंगाराचा भाव येऊ शकतो. तोळ्याचा भाव आज लाखापलीकडे असताना सोनं मोडून त्यात घालू नका.

सासूबाई म्हणतात, "तिची शिलाई म्हणजे वरखर्चाला." त्यांचा राग धरू नका, पण हे खरं नाही. मंदीच्या महिन्यात घरात येणाऱ्या पैशातला जवळपास तिसरा हिस्सा तुमचा असतो. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात कमावत्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के घरातच बसून काम करताना दिसल्या, एकूण कामगार स्त्रियांत हे प्रमाण 51 टक्के होतं. घरात बसून केलेलं काम कामात धरलं जात नाही, म्हणून त्यावर कुणी भांडवल घालत नाही. तुमच्या घरात भांडवल घालायला सगळ्यात चांगली जागा तीच आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की जुनी ज्युकी, म्हणजे मोटरवर चालणारी शिलाई मशीन, 18,000 ला मिळतेय. त्याचा हिशेब करू. मोटरवर दिवसाला 45 नग निघाले तर महिन्याला 8,190. दोऱ्याचे आणि लाइट बिलाचे मिळून 900 वजा केले तर 7,300 च्या आसपास उरतात. आता दोरा वजा जाता तुमच्याकडे 4,600 उरत असतील. म्हणजे महिन्याला 2,700 जास्त, सात महिन्यांत मशीन फिटते. पण त्याआधी माल देणाऱ्याला विचारा की रोज 45 नग बारा महिने देणार का. नुसता "बघू" म्हणाला तर थांबा, दुसरा माल देणारा शोधा. मशीन घेताना सर्वो मोटर बघा. क्लच मोटर शिवत नसतानाही फिरत राहते, बिल वाढतं, आणि एका खोलीत धाकटा झोपलेला असताना तो आवाज सहन होणार नाही.

पैसे तुमच्या भिशीतून येतील. बारा बायका, हजार रुपये, तुमचा नंबर रमजाननंतर. ज्यांचा नंबर आधी आहे त्यांच्याशी बदलून घेता येतो का विचारा. 12,000 तिथून, उरलेले 6,000 लाडकी बहीणचे साठलेले. व्याजाचा प्रश्नच येत नाही, जो तुम्हालाही मनातून नकोच आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं, अवजारांसाठी 15,000 पर्यंत मदत असते आणि ती कर्ज नसते. सेवा केंद्रात नोंदणी चालू आहे का ते विचारून ठेवा.

बँकेच्या कार्डाचा पिन मिस्टरांकडे आहे, तो बदलून स्वतःकडे घ्या. यात अविश्वास नाही, खातं तुमचं आहे.

मेहर तुमचा हक्क आहे, तो कुणी मागून घेऊ शकत नाही. तरीही मन मोडवत नसेल आणि दिराला थोडी मदत करावीशी वाटली, तर मशीन फिटल्यावर, बुडाले तरी चालतील एवढेच पैसे द्या आणि लिहून घ्या. घरच्यांत कागद वाईट दिसतो म्हणताय, पण कुराणातल्या सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असंच सांगितलंय. मिस्टरांना ती वाचून दाखवा, माझ्या पत्रापेक्षा तिचा मान जास्त असेल.

मशीन चालू झाली की जास्तीचे 2,700 आधी जुन्या गटाच्या कर्जात घाला. सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. वसुलीवाल्याने लागतो सांगितलं तर तसं लेखी मागा.